तिसऱ्या खांबाखालून उचललेला दगड

मी एक जुना काळा दगड आहे, मित्रांनो. देवळातला नाही, किल्ल्यातला नाही, मैलाचाही नाही. माझ्यावर कुणी कधी फूल वाहिलं नाही की आकडा रंगवला नाही. सिमेंटच्या चार पोत्यांइतकं माझं वजन आहे आणि अंगाला ओबडधोबड कोपरे आहेत, एवढीच माझी ओळख. दगडाला कसला आलाय धक्का, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या पावसाळ्यात नीरा नदीच्या काठी मी जे पाहिलं, त्यानं असा काही हादरलो की वर्ष होत आलं तरी माझी दातखीळ सुटलेली नाही. दात नसताना ती बसली कशी, हे मात्र विचारू नका.

माझं बालपण सांगण्यासारखं नाही. सणसरच्या अंगाला एका माळाच्या पोटात मी किती वर्षं होतो, ते मलाच ठाऊक नाही. एके दिवशी सुरुंगाचा बार उडाला आणि मी उजेडात येऊन पडलो. खाणीतले बहुतेक भाऊबंद खडी व्हायला गेले. मला नागेश मुकादमानं वाचवलं. हा माणूस दगडाभोवती एक फेरी मारायचा, पायानं ढोसायचा आणि त्याची जागा ठरवायचा. मला ढोसून तो म्हणाला, "ह्यो पुलाला." बस्स, मी ट्रकमध्ये चढलो.

निरवांगीच्या पुढं, एका गावाशी तेव्हा नीरेवर पूल बांधायचं काम चाललं होतं. मला वाटलं, आपल्याला खांबात बसवतील, किमान कठड्यात तरी. कसलं काय! खांब सिमेंटचे. नागेश मुकादमानं आधी तिसऱ्या खांबाच्या पायाभोवती बारीक खडी पसरली, तिच्यावर डोक्याएवढे दगड मांडले आणि सगळ्यांत वर आम्हाला, मोठ्यांना, एकमेकांत कोपरे अडकवून बसवलं. माझ्या खाली दडपलेल्या त्या खडीला मी पहिल्या दिवसापासून कमी लेखत आलो. माझ्यासारख्यानं बसावं आणि तिच्यासारखीनं दबून राहावं, असा माझा समज होता. माझा गैरसमज किती मोठा होता, ते पुढं येईलच.

पहिला पूर उतरल्यावर कुणी मोठे साहेब आले, खांबाभोवती फिरले आणि आमच्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. उभ्या जन्मात मला मिळालेलं कौतुक एवढंच. पुढं कित्येक पावसाळे माझ्या अंगावरून गेले. वरून उसाच्या गाड्या जायच्या, दुधाच्या जायच्या, एसटी जायची, आणि खाली आम्ही शेवाळ पांघरून पडलेले असायचो. आमचं नाव कुणी काढत नव्हतं आणि आमचंही काही अडत नव्हतं.

मग रामहरी आला.

रामहरीला मी चोर म्हणणार नाही. दुसऱ्याच्या फडातलं कांडंसुद्धा त्यानं कधी मोडलं नसेल. त्याचं दुखणं वेगळं होतं. नदीकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी काठावरच असतात. वरच्या धरणातून पाणी सुटलं की गावात आरोळी उठते, "मोटारी काढा!" मग भर पावसात, गुडघाभर चिखलात उतरायचं, मोटार साखळीनं बांधायची आणि चार-पाच जणांनी ती ओढत वर न्यायची. पाणी उतरलं की परत खाली. रामहरी साठीला टेकलेला, कंबर धरलेली. एका उन्हाळ्यात नदी आटलेली असताना त्याची नजर आमच्यावर गेली.

"हितं नुसतंच पडल्यात की रं!" तो स्वतःशीच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहार माझ्या बगलेत शिरली. माझा कोपरा शेजाऱ्याच्या कोपऱ्यातून निखळला, तेव्हा झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे. चार गडी लावून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रामहरीनं आम्हा चाळीस जणांना नेलं आणि पुलाच्या खालच्या अंगाला, शंभरएक पावलांवर, आपल्या मोटारीसाठी छातीएवढा उंच ओटा रचला. त्या साली पूर आला, लोकांची मोटारी ओढता ओढता दमछाक झाली, आणि रामहरीची मोटार जागची हलली नाही. अख्खं गाव ओटा बघायला लोटलं. डोकं असलेला माणूस म्हणून त्याला लोकांनी नावाजलं, त्याच्या हातचा चहा प्यायले आणि घरी जाऊन पहारी शोधायला लागले. तीन उन्हाळ्यांत काठावरच्या सगळ्या मोटारींना ओटे झाले. तिसऱ्या खांबापाशी औषधालासुद्धा दगड उरला नाही. उघडी पडलेली खडी पुढच्याच पुरात वाहून गेली. मी ते बघितलं आणि, खरं सांगतो, मला त्याचं काहीच वाटलं नाही. काठावर ऊन होतं, माणसं दिसत होती. मी खूश होतो.

रामहरीची मुलगी सोनम पुण्यात नोकरीला आहे. इंजिनिअर आहे. गेल्या जुलैत ती आठ दिवस घरी आली, पण कामाला सुट्टी नव्हती. घरात फोनला रेंज नाही, ती फक्त मोटारीपाशी येते. त्यामुळं पोरगी सकाळीच मांडीवर कॉम्प्युटर घेऊन ओट्याच्या कडेला यायची आणि नेमकी माझ्यावर बसायची. तिचं बोलणं ऐकून मी चाट पडलो. ती चक्क दगडांबद्दल बोलत होती! किती वजनाचा दगड लाटेनं हलणार नाही, किती थर हवेत, किती लांबवर पसरायचे.

रामहरीही ते ऐकत होता. तिचा फोन संपल्यावर त्यानं विचारलं, "सोने, तू नक्की करतीस तरी काय तितं?"

"समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात तात्या, परदेशात. आपल्या विहिरीच्या तोंडाएवढं रुंद लोखंडी नळकांडं समुद्राच्या तळात ठोकतात आणि त्याच्यावर पवनचक्की. त्याच्या पायाशी दगड टाकायचे असतात. ते कसे टाकायचे, ते मी ठरवते."

रामहरी हसता हसता खोकायला लागला. "दगड टाकायचा पगार देत्यात व्हय? आमी तर फुकटच टाकतो की!"

सोनमही हसली. मग उठून तिनं पाइपाचा एक तुकडा घेतला आणि मोटारीच्या पाण्यानं वाहणाऱ्या पाटात, मातीत उभा रोवला. "बघा आता."

पाणी पाइपाला धडकलं. आडवं जायला वाव मिळेना तसं ते खाली बुडी मारू लागलं, पायाशी गरगर फिरलं आणि कुत्र्यानं उकरावी तशी माती मागं फेकू लागलं. कपभर चहा संपायच्या आत पाइप कलला आणि आडवा झाला. सोनमनं तो पुन्हा रोवला, भोवती नुसते मोठाले गोटे ठेवले. गोट्यांच्या फटींतून पाण्यानं खालची माती ओढून नेली, गोटे आत बसले आणि पाइप परत पडला. तिसऱ्यांदा तिनं आधी मूठभर बारीक खडी पसरली, वर गोटे ठेवले. पाइप उभाच राहिला.

"खडी मातीला धरून ठेवते आणि मोठा दगड खडीला धरून ठेवतो," ती म्हणाली. "एक काढला की दुसरा काही कामाचा नाही."

मित्रांनो, मी सुन्न झालो. इतकी वर्षं मी नदीत नुसता पडून आहे, असं मलाच वाटत होतं. मी खांब धरून बसलो होतो! आणि ज्या खडीला मी तुच्छ समजत होतो, ती माझ्या जिवावर आणि मी तिच्या जिवावर होतो. हे मला आज कळावं, तेही एका पाटाच्या काठी?

पण खरा घाव पुढंच होता. रामहरीला मुलीचा इतका अभिमान वाटला की त्याला राहवेना. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"आगं, मंग ही अक्कल तुला माझ्याकडनंच आली म्हन की! ह्या दगडांत ताकद हाय, हे गावात पयलं मलाच कळलं. समद्यांना मीच शिकवलं. पुलाच्या पायाचं काढलेत हे. पयला ह्योच उचलला."

सोनम एकदम वळली.

"कुठल्या पुलाचे, तात्या?"

"आपल्याच की. त्या तिसऱ्या खांबाचं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पुलाकडे बघितलं. तेवढ्यात पुलावरून दुधाचा टेम्पो खडखडत गेला. तिनं ओट्याला टेकवलेली पहार उचलली आणि नदीत उतरली. नदीला तेव्हा पोटरीभर पाणी होतं. रामहरी मागोमाग निघाला.

"बघ की! वाळू होती तशी हाय. खड्डा कुठं दिसतोय तुला?"

"पूर चढतो तेव्हा खड्डा पडतो, तात्या. उतरताना नदीच तो भरून टाकते, भुसभुशीत गाळानं. वरून सारखंच दिसतं."

तिनं खांबाला लागून पहार उभी धरली आणि ठोकली नाही की काही नाही, नुसती सोडली. पहार आपली आपण आत गेली. ढोपरापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली, मुठीपर्यंत गेली. मग तिनं ती ओढून काढली आणि तिरपी करून खांबाच्या तळाखाली घातली. तिथं तिला सिमेंट लागायला हवं होतं, मुरूम लागायला हवा होता. काहीच लागलं नाही. रामहरी दगडासारखा उभा होता, असं म्हणणार होतो, पण मला विचाराल तर त्या क्षणी दगड त्याच्याहून जास्त थरथरत होता.

सोनमनं परत मोटारीपाशी येऊन सरकारी कचेरीत फोन लावला. उद्या माणूस येईल, असं उत्तर आलं. तोवर रामहरीच्या खिशातला फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर निरोप होता, वीर धरणातून पाणी सोडलंय, पहाटेपर्यंत इथं पोचेल.

"तात्या, उद्या सकाळी पुलावर कुणी जाता कामा नये. तुम्ही लोकांना सांगा. तुमचं ऐकतील."

रामहरी कधी नव्हे तो मुलीवर खेकसला. "काय सांगू? म्या पूल पाडला म्हनून सांगू? तीस वर्सं उभा हाय त्यो! चार दगडांनी काय हुतंय?" आणि तो तडक घरी निघून गेला.

सकाळी नदी तांबडी होऊन धावत होती. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी सोनमनं आडवी दोरी बांधली होती आणि तिच्यापुढं ती एकटी उभी होती. दुधाची वेळ. डेअरी पलीकडच्या काठाला. सायकली, मोटारसायकली थांबल्या, मागं विजयसिंहचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा राहिला. हा टेम्पो गावातलं निम्मं दूध नेतो. रांगेत सगळ्यांत पुढं, डोक्यावर किटली घेतलेली बाई म्हणजे सोनमची आई, कुशाबाई.

"दोरी काढ गं," विजयसिंह ओरडला. "दूध नासंल! समुद्रातलं शहाणपण हितं कशाला दावतीस?"

लोक हसले. कुशाबाईनं डोक्यावरची किटली उतरवली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि शेजारी फतकल मारून बसली. "माझी लेक न्हाय म्हनती, तर मी न्हाय जात. बघू तुजा टेम्पो कुनाच्या अंगावरनं जातोय."

हसणं आणखी वाढलं. कुणीतरी दोरीची गाठ सोडायला पुढं झालं.

हे सगळं ऐकू येत होतं आणि रामहरी मोटारीपाशी माझ्या शेजारी उभा होता. रागावलेला होता, पुलाकडे पाठ करून होता. पाणी चढत चढत ओट्याला लागलं. तो वाकून बघत होता. आम्ही जिथवर होतो, तिथवर मातीचा एक कण हलत नव्हता. आमच्या पलीकडे, हातभर अंतरावर, उघड्या काठाचं ढेकूळ सुटलं आणि पाण्यात गेलं. दुसरं गेलं. मग बैलगाडीएवढा काठ एकदम ढासळला. रामहरीनं माझ्यावर हात ठेवला. तो एकदा काठाकडे बघे, एकदा आमच्याकडे. मग त्यानं मान वळवून तिसऱ्या खांबाकडे बघितलं. तिथं पाणी खांबाला धडकून खाली बुडी मारत होतं आणि पायाशी गरगर फिरत होतं.

"आरं देवा," तो म्हणाला आणि पळत सुटला. कंबर धरलेला माणूस इतका पळू शकतो, हे मला पटलं नसतं.

दोरी सुटली होती. विजयसिंहनं टेम्पो गिअरमध्ये टाकला होता. रामहरी टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

"विजयसिंह, गाडी माघारी घे."

"रामहरीराव, तुमीबी? पोरीनं येडं केलं का तुमास्नी?"

"पयला दगड म्या काढला," रामहरी म्हणाला. धापा टाकत होता, पण आवाज सगळ्यांना जात होता. "त्या खांबाचा. माझं बघून तू काढलास. तुझ्या मोटारीखाली तितलंच दगड हायत, म्या सोता रचून दिल्यात. दादासोच्या खाली हायत. बापूसाहेबाच्या खाली हायत. हितं उभ्या असलेल्या ज्याच्या मोटारीखाली न्हायत, त्यानं खुशाल जावं पुलावरनं."

कुणी हसलं नाही. जो तो आपल्या पायांकडे बघत होता. ही गोष्ट गावात प्रत्येकाला माहीत होती आणि मोठ्यानं कुणी कधी उच्चारली नव्हती. विजयसिंहनं खाली मान घातली आणि टेम्पो मागं घेतला.

पुढं किती वेळ गेला, सांगता येत नाही. दूध तापायला ठेवून उतू जायला लागतो, तेवढा असेल. आधी एक आवाज झाला, जमिनीच्या आतून आल्यासारखा. मग कठड्याची सरळ रेघ तिसऱ्या खांबापाशी वाकली. खांब आमच्या डोळ्यांदेखत हातभर खाली बसला आणि कलला. वरच्या रस्त्याला आडवी भेग गेली आणि पुलाचा एक तुकडा तिरका होऊन खाली लोंबायला लागला. धूळ उडाली, पाण्यावर पडली आणि वाहून गेली.

विजयसिंह टेम्पोतून उतरला आणि जमिनीवर बसला. कुशाबाईची किटली केव्हाच कलंडली होती आणि दूध तिच्या लुगड्याखालून वाहत होतं, तिचं लक्ष नव्हतं. रामहरी आणि सोनम एकमेकांना धरून उभे होते.

आणि मी? मी शंभर पावलांवर होतो. तिसऱ्या खांबाला माझी गरज होती त्या घटकेला मी एका पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीखाली ऊन खात बसलो होतो. मोटारीला ओरखडा नव्हता. मित्रांनो, याची मला जी लाज वाटली, ती मी कुणाला सांगू? माझा खांब माझ्यासमोर बुडाला आणि मी बघत राहिलो.

पाणी उतरल्यावर साहेब आले, यंत्रं आली. पुलाची ती बाजू पाडून खांब नव्यानं बांधायचं ठरलं. डेअरीला जायला चौदा कोसांचा वळसा पडू लागला आणि एसटी गावात यायची बंद झाली. रामहरीला कुणी बोल लावला नाही. कुणाच्या तोंडी बोल लावायला जागाच नव्हती. एके सकाळी तो आपण होऊन पहार आणि गडी घेऊन ओट्यापाशी आला. सोनम सुट्टी काढून पुन्हा आली होती. दगडांचा थर कसा असावा, त्याचा नकाशा तिनं साहेबांना करून दिला होता, आणि आधी बारीक खडी पडल्याशिवाय एकही मोठा दगड उतरवायचा नाही, असं ती ट्रॅक्टरवाल्यांना बजावत होती. गावात चौदा ओटे होते. चौदाही उकलले जात होते.

रामहरीनं माझ्या बगलेत पहार घातली. कुशाबाई काठावर उभी होती. मोटार आता उघड्या मातीवर एका बाजूला कलली होती.

"आता मोटारीचं काय वो?" तिनं विचारलं. "तुमची कंबर ही अशी."

रामहरीनं गड्यांबरोबर मला ट्रॉलीत ढकललं. घाम पुसला.

"मोटार पानी आलं की काढून ठिवता येती," तो म्हणाला. "पूल काढून ठिवता येत न्हाय."

आता मी परत पाण्याखाली आहे, मित्रांनो, नव्या खांबाच्या पायाशी. माझ्या खाली खडी आहे आणि मी तिच्याशी नीट वागतो. तुम्ही पुलावरून जाल तेव्हा मी तुम्हाला दिसणार नाही, आणि दिसलो नाही तरच बरं. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात पहार येईल. एखादी वस्तू काही करत नाही असं वाटलं, तर ती उचलण्याआधी तिच्या खाली काय आहे, तिच्यावर काय उभं आहे, एवढं कुणाला तरी विचारा. रामहरी विचारू शकला असता. त्याच्या घरातच विचारण्यासारखं माणूस होतं.